मण्यांवर मोजलेला श्वास

आकडेवारी म्हटलं की आता मोबाईल आठवतो. गडचिरोलीत ती आधी मण्यांवर होती. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 साली तिथे ‘सर्च’ संस्था काढली. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला 60च्या वर गेला, की न्यूमोनियाचा धोका. पण बऱ्याच दायांना एवढं मोजता येत नसे. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी आले: दहा श्वास झाले, एक मणी सरकवायचा.

पुढे 39 गावांतल्या बायका आरोग्यदूत झाल्या. घरोघरी जाऊन बाळं तपासायची, वहीत लिहायचं. मेलेलं बाळ लिहिणं सोपं नसतं. आमच्याकडे तर त्याचं नावही काढत नाहीत. त्यांनी तेही लिहिलं. म्हणूनच 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापता आलं: हजार जन्मांमागे 62 नवजात मृत्यू, तिसऱ्या वर्षी साडेपंचवीस.