कोपऱ्यावरच्या दुकानातली आशा

मी संगीताचा जाणकार नाही. गिटारची कुठली तार कुठल्या स्वरात लावतात, हेही मला सांगता येणार नाही. मी मराठीत कविता लिहितो आणि फावल्या वेळात गाणी ऐकतो. तेव्हा आज जे बोलणार आहे ते एका ऐकणाऱ्याचं मत समजा. विषय आहे इंग्लंडमधलं ‘इंडी रॉक’, आणि त्या निमित्ताने माझ्या कपाटात शेजारीशेजारी ठेवलेले दोन आल्बम.

‘इंडी’ म्हणजे इंडिया नव्हे बरं का. ‘इंडिपेन्डन्ट’ या शब्दाचं ते लाडकं, आखूड रूप. सत्तरच्या दशकात तिथल्या तबकड्यांचा धंदा मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती होता. त्यांनी दार उघडलं नाही, तर गाणाऱ्याने घरीच बसायचं. अशा वेळी मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ नावाच्या पोरांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या. आपल्याकडे साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले यांच्या पिढीने अनियतकालिकं काढली, त्याच जातीचा हा उद्योग. प्रकाशक दारात उभं करत नाही ना, मग आपणच छापू!

या पोरांच्या तबकड्या विकायला दुकानही तसंच हवं होतं. पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये ‘रफ ट्रेड’ नावाचं दुकान उघडलं होतं. १९७८ मध्ये त्यातूनच त्याच नावाची कंपनी निघाली. या कंपनीला सापडलेलं मोठं रत्न म्हणजे मँचेस्टरचाच ‘द स्मिथ्स’ हा गट. शब्द मॉरिसी यांचे, चाली आणि गिटार जॉनी मार यांची. दोघांचीही घरं आयर्लंडहून आलेली.

त्यांचे चारही मुख्य आल्बम मी ऐकले आहेत. १९८४ चा पहिला मला कोंदट वाटतो. गाणी चांगली, पण जणू बंद खोलीत रेकॉर्ड केलेली. १९८५ चा ‘मीट इज मर्डर’ जरा उपदेश करतो. १९८७ चा शेवटचा दमल्यासारखा. पण १९८६ चा ‘द क्वीन इज डेड’! हा आल्बम मी मुंबईत काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये, काचेच्या खोलीत उभा राहून पहिल्यांदा ऐकला. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मारची गिटार चांगल्या साथीदारासारखी आहे, ठेका सोडत नाही आणि पुढेपुढेही करत नाही. आणि मॉरिसींचे शब्द बुजऱ्या, एकट्या, कुठेच न सामावणाऱ्या माणसाचे. मला वाटलं, हा माणूस माझ्या बाजूचा आहे.

पुढे गट फुटला. १९८८ मध्ये मॉरिसींचा पहिला स्वतंत्र आल्बम आला, ‘व्हिवा हेट’. त्यात एक गाणं एका बंगाली माणसावर आहे. तो इंग्लंडमध्ये रुजण्यासाठी धडपडतोय, तिथली फॅशन करतोय. आणि गाणारा त्याला हळुवारपणे सांगतो की बाबा रे, तू इथला नाहीस.

या गाण्यात सहानुभूती आहे, असं म्हणणारे आहेत. असेलही. पण कीव करून सांगितलेलं ‘तू इथला नाहीस’ मला शिवीपेक्षा जास्त लागतं. माझ्या कविता ऐकून कुणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ आमच्या गावच्या कबरस्तानात माझ्या पाच पिढ्या आहेत. बोलणाऱ्याच्या मनात पाप नसतं, हे मला कळतं. म्हणून तर रागावताही येत नाही. नुसतं हसायचं.

इंग्लंडमधली काही पोरं मात्र हसली नाहीत. लेस्टर शहरात १९९१ मध्ये तेजिंदर सिंग आणि त्यांच्या मित्रांनी एक गट काढला. नाव ‘कॉर्नरशॉप’, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. तिथले आशियाई लोक म्हणजे कोपऱ्यावरचे दुकानदार, असा जो ठरीव समज होता, तोच त्यांनी पाटी म्हणून दारावर लावला. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात मॉरिसी ब्रिटिश झेंडा घेऊन नाचले, मागच्या पडद्यावर मुंडण केलेल्या ‘स्किनहेड’ मुलींचं चित्र होतं, आणि बराच गदारोळ झाला. तेव्हा ‘कॉर्नरशॉप’ने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर त्यांचं चित्र जाळलं. मॉरिसींनी वंशद्वेषाचा आरोप वेळोवेळी नाकारला आहे, हेही सांगायला हवं.

खरं सांगायचं तर ‘कॉर्नरशॉप’च्या सुरुवातीच्या तबकड्या मला फारशा आवडत नाहीत. राग आहे, गाणं कमी. पण १९९७ मध्ये त्यांचा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ आला. बीटल्सनी १९६५ मध्ये ‘नॉर्वेजियन वूड’मध्ये सतार वाजवली होती, यांनी तेच गाणं पंजाबीत गाऊन साभार परत केलं. आणि त्याच आल्बमात आहे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ही आशा म्हणजे १९३३ मध्ये सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले. फॅटबॉय स्लिम यांनी वेगवान केलेली या गाण्याची आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. मला मूळचं संथ गाणं जास्त आवडतं. त्यात घरातल्या छोट्या तबकडीची ऊब आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मॉरिसींच्या गाण्यातल्या बंगाल्याला धड ओळख नाही, त्याला स्वतःला काही बोलायलाही मिळत नाही. तेजिंदर सिंगांच्या गाण्यात मात्र नावंच नावं आहेत. आशा आहेत, लता आहेत, रफीसाहेब आहेत. ‘आम्हाला इथलं म्हणा’ अशी विनवणी नाही आणि शिवीगाळही नाही. आमच्या घरात काय वाजतं ते ऐका, एवढंच. चित्र जाळून जे जमलं नाही, ते या गाण्याने केलं. आणि गंमत पाहा, हे गाणं काढणाऱ्या ‘विजा’ कंपनीचं नाव त्याच ‘रफ ट्रेड’ दुकानाच्या पोस्टाच्या क्रमांकावरून पडलं होतं!

पुढे २०१८ मध्ये मॉरिसींनी इस्लामविरोधी भूमिकेसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘फॉर ब्रिटन’ या छोट्या पक्षाची बाजू घेतली. कार्डिफच्या ‘स्पिलर्स’ या शतकाहून जुन्या दुकानाने २०१९ मध्ये त्यांच्या तबकड्या विकणं थांबवलं. दुकानाचा निर्णय मी समजू शकतो. पण माझ्या कपाटाचं काय?

‘व्हिवा हेट’ मी आता लावत नाही. ‘द क्वीन इज डेड’ मात्र टाकवला नाही. त्या एकट्या माणसाचे शब्द मला विशीत उपयोगी पडले होते. ते देणं मी नाकारणार नाही. लिहिणारा स्वतःच्या ओळींपेक्षा लहान निघू शकतो, हे कवी म्हणून मला ठाऊक आहे. फक्त तो आल्बम मी ‘कॉर्नरशॉप’च्या शेजारी ठेवला आहे. एक ऐकून झाला की दुसरा लावतो. ‘तू इथला नाहीस’ असं सांगणाऱ्या माणसाच्या शेजारीच आमची आशा राहते, हे त्यालाही कळू दे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)