४४३ वर जेवणाची सुट्टी

तारीख १७ डिसेंबर १९४८, वार शुक्रवार. वेळापूरच्या फाट्यावर तुम्ही पुण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत उभे आहात. एस.टी. नावाची गोष्ट याच जूनमध्ये सुरू झाली, तीही पुणे–नगर रस्त्यावर. दत्तजयंती नुकतीच होऊन गेलीये, थंडी कानाला झोंबते आहे, आणि उसाच्या बैलगाड्या माळीनगरच्या कारखान्याकडे चालल्या आहेत.

मोटार आली की मागच्या बाकावर दाटीवाटीत जागा मिळते. शेजारचे म्हातारबा पटका सारखा करत विचारतात, "पावनं, कुनीकडं?"

"पुण्याला. क्रिकेटची मॅच आहे. निंबाळकर खेळतायत."

म्हातारबांचा चेहरा खुलतो. "फलटनचं का?"

"नाही, कोल्हापूरचे."

"मंग असू द्या," म्हणून ते खिडकीकडे वळतात. माळशिरस तालुक्यात निंबाळकर म्हटलं की शेजारचं फलटणच आठवणार, त्यांचा काय दोष!

माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड. आषाढात माउलींची पालखी ज्या वाटेनं येते, तीच वाट तुम्ही उलटी कापताय. दिवे घाट उतरून हडपसरला पोचेपर्यंत अंग आंबून जातं. तिकडे पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर काठियावाडच्या गोलंदाजांना घाम फोडतायत. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपलाय. हे दोघं दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी रचतात. भांडारकरांच्या त्यात २०५.

शनिवारी सकाळी मैदानावर जागा धरा, जमलं तर धावलेखकांच्या टेबलाजवळ. वहीत फलंदाजाच्या नावापुढे जी आडवी ओळ असते ती निंबाळकरांना केव्हाच पुरेनाशी झालीये. चौकाराचे आकडे बारीक करत शेजारच्या ओळीत घुसवावे लागतायत. मैदानात भाऊसाहेब उघड्या डोक्यानं घाम पुसतात, एकदा पॅडचा पट्टा आवळतात, पुन्हा उभे राहतात. पाचच दिवसांपूर्वी संपलेली वेस्ट इंडिजविरुद्धची मुंबईची कसोटी त्यांना मिळालेली नाही. वय वर्षं २९.

भोवतीच्या मंडळींना ४०० चं अप्रूप आहे. ४५२ चा आकडा तुमच्या डोक्यात आहे, कारण तुम्ही पुढून आलाय. १९३० च्या जानेवारीत सिडनीला डॉन ब्रॅडमननं क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२ केल्या, प्रथम श्रेणीत अजून त्याहून मोठी खेळी नाही. ओरडून सांगावंसं वाटेल. सांगू नका. सांगून उपयोग नाही, हे थोड्या वेळानं कळेल.

जेवणाची सुट्टी होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६. निंबाळकर नाबाद ४४३, ४९ चौकार, एक षटकार, ४९४ मिनिटं. विक्रमाला दहा धावा कमी. हाताशी दोन षटकं असली तरी पुरे.

लोक डबे सोडतात, बिड्या पेटवतात. आणि मग खेळाडू बाहेर येतच नाहीत. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सांगून टाकतात की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही सामना सोडून निघालो. दोनच षटकं टाका, ही विनवणीही फुकट जाते. आपल्या संघाचं नाव कायमचं त्या विक्रमाला चिकटू नये, हे त्यामागचं कारण म्हणून पुढे सांगितलं जातं. भाऊसाहेबांनाही ब्रॅडमनचा आकडा कळतो तो याच सुट्टीत. काठियावाडची मंडळी सामान आवरून स्टेशनची वाट धरतात.

आत्ता तुम्हाला ठाकोरसाहेबांचा राग येतोय. मलाही येतो. संस्थान फेब्रुवारीतच विलीन झालं, संघाचं नाव तेवढं जुनं राहिलं होतं; तेही विक्रमाखाली गाडलं जाणार, हे राजाला कसं सोसावं! पण खरी मेख रणजी करंडकाच्या नियमांत होती. तेव्हा ही स्पर्धा बाद पद्धतीची: एकदा हरलात की वर्षभराचा गाशा गुंडाळा. सामना संपला नाही तर निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर. महाराष्ट्रानं २३८ ओलांडल्या त्याच क्षणी काठियावाडचा मोसम जवळजवळ संपला होता. साखळी स्पर्धा असती तर कदाचित एखाद्या गुणासाठी तरी त्यांनी चेंडू हातात घेतला असता. इथे सामना सोडण्याचा खर्च शून्य होता, आणि फुकटात मिळणारा हट्ट माणूस करतोच.

आता तीनेक महिने पुढे या. ५ मार्च १९४९, पुणेच. चारच दिवसांपूर्वी, १ मार्चला, भाऊसाहेबांचं कोल्हापूरही मुंबई प्रांतात विलीन झालंय. उपान्त्य सामन्यात महाराष्ट्रासमोर मुंबई आहे, आणि हा सामना सात दिवस चालणार आहे. सगळे दिवस बसायची गरज नाही, मधूनमधून डोकावलात तरी कुणी ना कुणी शतकाच्या आसपास सापडेल. मुंबई ६५१. माधव मंत्री २००. आजच्या वाचकाला ओळख पटावी म्हणून सांगतो, सुनील गावसकरचे मामा. विजय मर्चंटचे बंधू उदय मर्चंट दोन्ही डावांत शतक ठोकतात, दत्तू फडकरही तेच करतात. महाराष्ट्र ४०७. आघाडी २४४ ची असूनही मुंबई पुन्हा ८ बाद ७१४ पर्यंत खेळत बसते. बाद पद्धतीत कुणी धोका का पत्करावा? चौथ्या डावात महाराष्ट्र ६०४ करतो आणि ३५४ धावांनी हरतो! एम. आर. रेगे दोन्ही डावांत शतकवीर, दातार १४३, शरद देवधर १४६. शरदचे वडील म्हणजे प्रोफेसर दि. ब. देवधर, ज्यांनी १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक महाराष्ट्राला जिंकून दिला. एकूण धावा २३७६, शतकं नऊ. अंतिम सामन्यात मुंबई बडोद्याला ४६८ धावांनी हरवते.

म्हणजे ज्या नियमानं दोन षटकं हिरावून घेतली, त्याच नियमानं सात दिवसांची ही धावांची जत्रा दिली. तरी दोन्ही तागड्यांत टाकून पाहिलं तर मला ती दोन षटकंच जड वाटतात. १९५७-५८ पासून विभागवार सामने साखळी पद्धतीनं होऊ लागले, पण तोवर नऊ वर्षं उलटून गेली होती.

ब्रॅडमनचा विक्रम पुढे १९५९ मध्ये हनीफ महंमदनं ४९९ करून मोडला, हनीफचा १९९४ मध्ये ब्रायन लारानं. निंबाळकरांच्या ४४३ मात्र रणजी करंडकात आजवर कुणी ओलांडलेल्या नाहीत. भाऊसाहेब ११ डिसेंबर २०१२ ला गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. अधिकृत कसोटी त्यांना एकही मिळाली नाही.