मलांजखंड : तांब्यावर उभे असलेले नगर

महाराष्ट्रातील गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड वसले आहे. येथील तांब्याचा साठा देशातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. हिंदुस्तान कॉपर या सार्वजनिक उपक्रमाची येथील खुली खाण १९८२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. खनिजात तांबे सुमारे १ टक्काच असल्याने शंभर टन दगडामागे जेमतेम एक टन धातू मिळतो. म्हणून दगड तेथेच दळून, पाण्यात फेस आणून धातुयुक्त भुकटी वेगळी केली जाते. उरलेला गाळ बांधामागे साठतो. खाण खोल गेल्याने आता भूमिगत उत्खनन हाती घेण्यात आले आहे. नगराची भिस्त मात्र या एकाच धातूवर आहे. १९७५च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले, तेव्हा झांबियातील खाणनगरांना अशाच परावलंबनाची मोठी किंमत मोजावी लागली होती.