अनामिकेचें प्रेमगीत

गिटार शिकूं लागलेल्या नवशिक्यास जी गत लवकरांत लवकर हातीं यावी असें वाटतें, ती बहुधा ‘रोमान्स’ ही होय. ‘रोमान्स दे आमोर’ या नांवानेंहि ती ओळखली जाते. स्पेन देशांतून निघालेलें हें शब्दांवांचूनचें प्रेमगीत आज देशोदेशीं वाजविलें जातें. तें कोणीं रचिलें, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर साधें नाहीं.

या गतीची घडण सुटसुटीत आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाची तार छेडतो. अनामिका पहिल्या तारेवर मुख्य सुरावट काढते, आणि तिच्यामागून मध्यमा व तर्जनी दुसऱ्या व तिसऱ्या तारेवर साथ करितात. तीन-तीन स्वरांची ही लाट अखेरपर्यंत मोडत नाहीं. पूर्वार्ध करुण आहे. उत्तरार्धांत षड्ज तोच राहतो. परंतु कोमल गांधाराच्या जागीं शुद्ध गांधार येतो, आणि सारें वातावरण उजळतें. मात्र येथेंच डाव्या हाताच्या बोटांना खरा ताण पडतो. शेवटीं गत पुन्हां पहिल्या करुण सुरांकडे वळते.

एकाच वाद्यांतून खर्ज, साथ आणि गायन हीं तिन्ही स्पष्ट उमटावीं, हें अल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोर्रेस (1817–1892) या कारागिरामुळें फार सुलभ झालें. त्यानें गिटारीचा देह मोठा केला, वरची फळी पातळ ठेविली आणि तिच्या पोटाशीं पंख्यासारख्या पट्ट्या बसविल्या. नाद मुख्यतः या फळींतून निघतो हें दाखविण्यासाठीं त्यानें 1862 मध्यें एका गिटारीच्या बाजू व पाठ चक्क पुठ्ठ्याची केली होती.

आतां कर्तृत्वाकडे वळूं. फेर्नांदो सोर (1778–1839) या विख्यात वादकाचें नांव प्रथम पुढें येतें. परंतु त्याच्या छापील कृतींत ही गत आढळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील अंतोनिओ रुबिरा याच्याकडेहि तिचें श्रेय दिलें जातें. 1900 च्या सुमाराचें मेणाच्या नळकांड्यावरील एक ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि त्यांत ही सुरावट ओळखूं येते. पुढें 1941 च्या ‘ब्लड अँड सँड’ या अमेरिकन बोलपटांत विसेन्ते गोमेझ यानें ती वाजविली.

तिला जगभर कीर्ति मिळाली ती 1952 मध्यें. त्या वर्षीं रने क्लेमाँ यांचा ‘निषिद्ध खेळ’ या अर्थाच्या नांवाचा फ्रेंच बोलपट निघाला. युद्धांत आईबाप गमावलेली एक चिमुरडी आणि एक शेतकऱ्याचा पोर यांची ती कथा. त्यांत नार्सिसो येपेस (1927–1997) यांच्या एकट्या गिटारीनें साऱ्या वाद्यवृंदाचें काम केलें. ही गत आपण बालपणीं आईसाठीं रचिली, असें येपेस सांगत. परंतु नळकांडें तर त्यांच्या जन्मापूर्वींचें. म्हणून त्यांचा दावा मान्य करणें कठीण आहे. तथापि ही गत घरोघर पोंचविण्याचें श्रेय त्यांना नाकारणें हाहि अन्याय होईल. रचणें निराळें, आणि रचलेलें जिवंत ठेवणें निराळें.

अनामिकेस हें नांव कां पडलें, याची एक चमत्कृति संस्कृतज्ञ सांगतात. श्रेष्ठ कवि मोजतांना करंगळीवर कालिदास आला. त्याच्या तोडीचा दुसरा कोणी सांपडेना, म्हणून पुढचें बोट नांवावांचून राहिलें. येथें उलट प्रकार झाला. नांवें अनेक पुढें आलीं, आणि एकहि निर्विवाद ठरलें नाहीं. पुष्कळ प्रकाशकांनीं म्हणूनच या गतीवर ‘अनामिक’ एवढेंच छापिलें. पुरावा नसतांना कोणाचें तरी नांव घालण्यापेक्षां हें अधिक प्रामाणिक होय. जात्यावरच्या कितीएक ओव्यांच्या कर्त्या आपणांस ठाऊक नाहींत. त्या ओव्या टिकल्या त्या गाणारीच्या कंठांत. ही गत टिकली ती वाजविणाराच्या बोटांत.