परराज्यातील नोकरी आणि राज्य आयकर (अमेरिका)

अमेरिकेत केंद्र सरकारच्या आयकराखेरीज बहुतेक राज्ये आपापला वेगळा आयकर घेतात. राहायचे एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती असली की त्या पगारावर कोणत्या राज्याचा किती हक्क पोहोचतो, हे ठरवणाऱ्या नियमांचा हा विषय. भारतात हा प्रश्न उद्भवत नाही. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर संविधानाच्या सातव्या अनुसूचीने केंद्राकडे दिला आहे. पुण्याचा माणूस बंगळुरूला नोकरीला गेला तरी त्याचा आयकर बदलत नाही. राज्याला पगारदाराकडून घेता येतो तो व्यवसाय कर, आणि त्यालाही अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे भारतातून अमेरिकेत गेलेल्या नोकरदाराला ही व्यवस्था मुळापासून शिकावी लागते.

विस्कॉन्सिनने १९११ मध्ये आधुनिक स्वरूपाचा राज्य आयकर सुरू केला. केंद्रीय आयकराला वाट करून देणारी सोळावी घटनादुरुस्ती त्यानंतर, १९१३ ची. आज ४१ राज्ये आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा पगारावर आयकर घेतात. अलास्का, टेक्सास, टेनेसी, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा, वायोमिंग, वॉशिंग्टन आणि साउथ डकोटा ही नऊ राज्ये घेत नाहीत.

या साऱ्याचा पाया दोन तत्त्वांवर आहे. रहिवाशाच्या सगळ्या उत्पन्नावर, ते कुठेही मिळवलेले असो, त्याच्या राज्याला कर लावता येतो. आणि परराज्यातल्या माणसाने आपल्या हद्दीत काम करून जे मिळवले, तेवढ्यावर त्या हद्दीच्या राज्यालाही कर लावता येतो. दुसऱ्या तत्त्वावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये शिक्कामोर्तब केले. ओक्लाहोमात तेलाचा व्यवसाय करणाऱ्या पण इलिनॉयचा रहिवासी असलेल्या माणसाचा तो खटला ‘शेफर विरुद्ध कार्टर’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी न्यूयॉर्कसंबंधीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने बजावले, की बाहेरच्यांवर कर लावा, पण आपल्या रहिवाशांना दिलेली वैयक्तिक सूट त्यांना नाकारू नका. पगाराच्या बाबतीत ‘कुठे मिळवले’ याचा अर्थ काम करताना माणूस कुठे होता, असा घेतला जातो. कंपनीचे मुख्यालय किंवा पगार जमा होणारी बँक कोणत्या राज्यात आहे, याला सर्वसाधारणपणे महत्त्व नसते.

रहिवासी कोण, हे दोन कसोट्यांवर ठरते. पहिली डोमिसाइलची : जिथे माणसाचे कायमचे घर आहे आणि बाहेर गेला तरी जिथे परतण्याचा त्याचा इरादा आहे, ते राज्य. दुसरी दिवसांच्या मोजणीची. न्यूयॉर्कमध्ये कायमस्वरूपी राहण्याजोगी जागा ठेवून वर्षात १८३ पेक्षा अधिक दिवस तिथे काढणारा माणूस, डोमिसाइल दुसरीकडे असले तरी, रहिवासी धरला जातो. दिवसातला थोडा वेळ हजर असला तरी सामान्यतः पूर्ण दिवस मोजतात. आईवडिलांसाठी दुसऱ्या राज्यात घर घेणाऱ्यांनी २०१४ चा गाएद निकाल लक्षात ठेवावा. न्यू जर्सीत राहणाऱ्या या करदात्याने न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर घेतलेल्या इमारतीत त्याचे आईवडील राहत होते. नुसती मालकी पुरेशी नाही, करदात्याने ती जागा स्वतःचे निवासस्थान म्हणून वापरलेली असली पाहिजे, असे न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरवले.

दोन्ही राज्यांचा हक्क मान्य केला की एकाच पगारावर दोनदा कर येतो. तो टाळण्यासाठी राहते राज्य क्रेडिट देते, म्हणजे दुसऱ्या राज्याला भरलेला कर आपल्या करातून वजा करते. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्याने आधी न्यूयॉर्कचे अनिवासी रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, तयार करायचे आणि मग न्यू जर्सीचे रहिवासी रिटर्न. समजा त्या पगारावर न्यूयॉर्कचा कर ६,००० डॉलर आला आणि न्यू जर्सीच्या दराने तो ४,००० होतो. न्यू जर्सी ४,००० चेच क्रेडिट देईल, वरचे २,००० परत मिळणार नाहीत. थोडक्यात, दोहोंपैकी जास्त असेल तेवढा कर भरावा लागतो. क्रेडिट ही राज्याने केलेली मेहेरबानी आहे की करदात्याचा हक्क, हा वाद बरीच वर्षे चालला. मेरीलँड आपल्या काउंटीच्या करातून असे क्रेडिट देत नव्हते. २०१५ च्या ‘विन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती पद्धत आंतरराज्य व्यापाराला जाचक, म्हणून घटनाबाह्य ठरवली.

टेक्सासच्या रहिवाशाला कोणत्याच राज्याचा आयकर लागत नाही, असा गैरसमज वारंवार आढळतो. तिथला रहिवासी तीन महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी कॅलिफोर्नियात गेला, तर त्या काळातल्या पगारावर कॅलिफोर्नियाचा कर लागतोच; आणि टेक्सासमध्ये आयकरच नसल्याने क्रेडिट कशातून घेणार? तो सगळा जादा खर्च. उलट कॅलिफोर्नियाचा रहिवासी तीन महिने टेक्सासमध्ये काम करून आला, तर त्याचा कॅलिफोर्नियातला कर एका डॉलरनेही कमी होत नाही.

शेजारच्या काही राज्यांनी आपसांत करार करून हा व्याप कमी केला आहे. पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत काम करणाऱ्याने मालकाला एनजे-१६५ हा फॉर्म दिला की त्याच्या पगारातून न्यू जर्सीचा कर कापला जात नाही. इलिनॉयचे आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी असेच करार आहेत. कोलंबिया जिल्ह्याला तर १९७३ च्या होम रूल कायद्यानेच बाहेरच्यांच्या पगारावर कर लावायला मनाई आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यात मात्र असा करार नाही. शिवाय हे करार राज्याच्या करापुरते असतात : फिलाडेल्फियात काम करणाऱ्या न्यू जर्सीकराला त्या शहराचा वेज टॅक्स द्यावा लागतोच.

या विषयातला सर्वांत वादग्रस्त नियम ‘मालकाची सोय’ या नावाचा. कर्मचारी न्यूयॉर्कच्या कार्यालयाचा असेल आणि स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरून काम करत असेल, तर न्यूयॉर्क ते घरचे दिवसही न्यूयॉर्कमधलेच धरते. ते काम घरूनच करणे मालकाला आवश्यक होते, असे सिद्ध झाले तरच सूट. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की यांनी आठवड्यातले काही दिवस घरी बसून केलेल्या कामावरच्या या कराला आव्हान दिले. २००३ मध्ये ते हरले. त्यांची स्थिती विशेष अडचणीची होती, कारण काम कनेक्टिकटमध्ये झाले म्हणून कनेक्टिकट त्या दिवसांचे क्रेडिट देईना. २००५ मध्ये टेनेसीत राहणाऱ्या हकाबी नावाच्या प्रोग्रॅमरचा दावाही फेटाळला गेला. त्याचे सुमारे तीन चतुर्थांश काम टेनेसीतल्या घरी झाले होते आणि तरी पूर्ण पगारावर न्यूयॉर्कचा कर कायम राहिला.

हा नियम समर्थनीय वाटत नाही. ज्या दिवशी माणसाने न्यूयॉर्कचे रस्ते, पोलीस, अग्निशमन दल यांपैकी काहीच वापरले नाही, त्या दिवसाची किंमत न्यूयॉर्कने मागावी, याला १९२० च्या शेफर निकालात आधार सापडत नाही. कोविडच्या काळात मॅसॅच्युसेट्सनेही तात्पुरता असाच नियम केला. त्याविरुद्ध न्यू हॅम्पशायरने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने तो दावा ऐकून घेण्यास नकार दिला. त्यामुळे प्रश्न अनिर्णित राहिला आणि राज्यांनी जशास तसे धोरण धरले. कनेक्टिकटने २०१९ पासून आणि न्यू जर्सीने २०२३ पासून प्रत्युत्तरादाखल नियम केले : ज्या राज्यात असा नियम आहे, तिथल्या रहिवाशांनाच तो उलट लावायचा. दोन सरकारांच्या या भांडणात दोन-दोन रिटर्न भरण्याचा भुर्दंड नोकरदाराला पडतो.

छोट्या फेऱ्यांचेही असेच. न्यूयॉर्कमध्ये मालकाने करकपात करण्यासाठी १४ दिवसांची सवलत आहे, पण ती कपातीपुरती. कर्मचाऱ्याचे दायित्व पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकते. इलिनॉयने २०२० पासून ३० कामाच्या दिवसांची मर्यादा घातली. इंडियाना आणि मोंटाना यांनी २०२४ पासून तसेच केले. सगळ्या देशासाठी ३० दिवसांची एकच मर्यादा ठेवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने एकाहून अधिक वेळा मंजूर केले, पण ते सिनेटमधून पुढे गेलेले नाही. काही व्यवसायांना मात्र काँग्रेसने आधीच संरक्षण दिले आहे. अनेक राज्यांतून जाणाऱ्या रेल्वे आणि ट्रकवरच्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर फक्त राहत्या राज्याचा हक्क असतो, आणि १९९६ च्या कायद्यामुळे निवृत्त माणसाच्या पेन्शनवर जुने राज्य हात टाकू शकत नाही. खेळाडूंची गत उलटी आहे. १९९१ च्या एनबीए अंतिम मालिकेनंतर कॅलिफोर्नियाने शिकागो बुल्सच्या खेळाडूंकडून कर मागितला. इलिनॉयने प्रतिटोला म्हणून स्वतःचा कायदा केला. सामने, सराव आणि संघाच्या बैठका धरून कामाचे दिवस मोजायचे, ही पद्धत त्यानंतर सर्वत्र रुजली.

मराठी नोकरदारांपैकी या नियमांचा फटका सर्वाधिक बसतो तो कन्सल्टिंग कंपनीमार्फत क्लायंटच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना. कंपनी एका राज्यात, घर दुसऱ्यात, क्लायंट तिसऱ्यात. आणि प्रोजेक्ट बदलला तरी पेरोलमध्ये पत्ता जुनाच राहतो. डब्ल्यू-टू या पगाराच्या वार्षिक विवरणपत्राच्या १५ ते १७ या रकान्यांत राज्य, त्या राज्यातला पगार आणि कापलेला कर दिलेला असतो. तिथे चुकीचे राज्य आले तर कापलेले पैसे परत मागणे आणि खऱ्या राज्यात कर भरणे, ही दोन्ही कामे कर्मचाऱ्यालाच करावी लागतात. तेव्हा कोणत्या दिवशी कुठे काम केले याची नोंद, प्रवासाची तिकिटे आणि भाडेकरार जपून ठेवावेत.

भारत-अमेरिका करकरार केंद्रीय आयकरापुरता आहे. राज्ये त्याने बांधलेली नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी असे करार मानत नाहीत, त्यामुळे केंद्रीय रिटर्नमध्ये करारानुसार मिळालेली सूट राज्याच्या रिटर्नमध्ये पुन्हा उत्पन्नात धरावी लागते. भारतात रहिवासी म्हणून कर भरणाऱ्याला अमेरिकेतल्या राज्याच्या कराचे क्रेडिट या कराराखाली मिळत नाही. मात्र विप्रोच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, आयकर कायदा १९६१ च्या कलम ९१ खाली ते मिळू शकते, असा निर्णय दिला.