खांब, नाग आणि हवापाणी

जुळे सोलापुरात फ्लॅट बघायला जा. खोल्या किती हे नंतर कळतं, ‘पूर्वाभिमुख आहे, सगळं वास्तूप्रमाणे आहे’ हे आधी. आत राहणाऱ्यांच्या शोकेसमध्ये मात्र तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा चिनी बेडूक असतो आणि खिडकीत लकी बांबू. वास्तू आणि फेंगशुई या उपनगरात सुखाने एकत्र नांदतात. जुळे हा शब्द ‘युगल’वरून आला, हे इथे शोभतंच.

वास्तू शब्दाच्या मुळाशी ‘वस्’ म्हणजे राहणे हा धातू आहे. वसणे, वस्ती ही त्याचीच लेकरं. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. याला तोलाचा शब्द आपल्याकडे कधीचाच आहे, हवापाणी. सून माहेरी परतली की ‘तिथलं हवापाणी मानवलं नाही’ असं आपण म्हणतो, आणि फेंगशुईचा मूळ विचार याहून फार लांब नाही. वाऱ्याने प्राणशक्ती विखुरते, पाण्याशी ती थांबते, असं गुओ पू याच्या नावावर चालणारा जुना चिनी ग्रंथ सांगतो. तो ग्रंथ दिवाणखान्याबद्दल नाही, दफनाची जागा कशी निवडावी याबद्दल आहे. बेडूक विकणारा हे सांगत नाही, ते ठीकच.

आता घरातून खांबांकडे. चीनमधल्या चुफूला कन्फ्यूशियसचं मंदिर आहे. त्याच्या मुख्य सभागृहाच्या दर्शनी १० दगडी खांबांना ड्रॅगन वेटोळे घालून बसलेत. हा प्राणी आपल्याला परका वाटतो. पण बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना अनुवादकांपुढे ‘नाग’ हा शब्द आला, तेव्हा त्यांनी त्यासाठी ड्रॅगनचाच शब्द वापरला, ‘लुंग’. आपला नागराज तिकडे ड्रॅगनराज झाला. दोघंही पाण्याचे धनी, पावसाशी नातं असलेले, त्यामुळे निवड चुकली म्हणता येत नाही.

आपल्या खांबावरही नाग आहेच. जुन्या देवळांत चौकोनी खांब जिथे अष्टकोनी होतो, तिथे कोपऱ्यांवर फणा कोरतात. त्याला नागबंध म्हणतात. व्याळाची गंमत आणखी वेगळी. जुन्या मराठी काव्यात व्याळ म्हणजे साप. शिल्पात मात्र तो सिंहाच्या अंगाचा काल्पनिक पशू, आणि दक्षिणेत ‘याळी’ होऊन अख्खे खांब पेलतो.

खुद्द खांब शब्द ‘स्तंभ’पासून आला असं सहज वाटतं. तो आला ‘स्कंभ’पासून. अथर्ववेदात विश्वाला धरून ठेवणारा तो हाच स्कंभ. स्तंभाच्या वाट्याला मराठीत दुसरं काम आलं, त्याचं ‘थांबणे’ झालं. एक उभा राहिला, दुसरा उभं राहायला सांगतो! तुळई ही ‘तुला’ची. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. आपली भाषा जिथे इतक्या लवकर दगडावर आली, ते देऊळही पाणी बघूनच बांधलेलं.

आणि सोलापूरकरांचा स्वतःचा खांब तर चालतो. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, निघणारे ते सात नंदीध्वज. बोलताना कुणी नंदीध्वज म्हणत नाही, ‘काठ्या’ म्हणतात, आणि काठी ही ‘काष्ठा’ची. त्या पेलायला वर्षभर अंगात ताकद राखावी लागते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम. ज्या मकरावरून त्या सणाला नाव मिळालं तोही पाण्यातलाच प्राणी; लोकांच्या तोंडी त्याची मगर झाली. नेमकं त्याच दिवशी मानाच्या पहिल्या काठीला नागफणी बांधतात. चिनी कारागिराने ड्रॅगन दगडात कोरला. इथे नाग लाकडावर चढतो आणि माणसाच्या कमरेच्या बळावर गावातून फिरतो.

जुळे सोलापुरात नव्याने राहायला आला असाल आणि दाराशी ड्रॅगनचे खांब लावायचा विचार असेल, तर येत्या संक्रांतीला आधी होम मैदानावर जाऊन ती पहिली काठी बघून या.