एका अक्षराचा फरक आणि मार्गारेटबाईंची नोंदवही



सिकलसेल हे नाव विदर्भात आणि नंदुरबारच्या पाड्यांवर आपल्याला नवं नाही. सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होतं. लेकरू आजारी निघालं की घरात पहिलं बोट आईकडे जातं. "हिनेच आणलं" असं बोललं जातं. हे बोलणं किती खोटं आहे, ते विज्ञानाच्या इतिहासातून पाहू. या इतिहासात नोंदवही सांभाळणारी एक बाईही आहे.

सिकल म्हणजे विळा. 1910 साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचं छापलं. कारण कळायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी सांगितलं की हा आजार आई आणि बाप, दोघांकडून एकेक दोष आला तरच होतो.

मग इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी 1956-57 मध्ये नेमका फरक पकडला. हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची माळ. तिच्या एका सरात 146 मणी असतात. त्यातला फक्त सहावा मणी बदललेला. एवढ्याशा फरकाने पेशी विळ्यासारखी होते.

आता अशा माळा शरीरात हजारो. कोणती कशी ओवलेली, ते एके ठिकाणी लिहिलं नसेल तर फरक कसा सापडणार? हे काम मार्गारेट डेहॉफ यांनी हाती घेतलं. त्यांचा जन्म 1925 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. गणित शिकल्या, 1948 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. तेव्हाचे हिशेब भोकं पाडलेल्या कार्डांच्या यंत्रावर व्हायचे. ते यंत्र त्यांनी रसायनशास्त्राच्या कामाला लावलं. पुढे दोन मुली झाल्या. त्या लहान असताना काही वर्षं बाईंनी घर सांभाळलं आणि नंतर पुन्हा संशोधनाला लागल्या. मध्ये खंड पडला म्हणून वाट बंद झाली नाही, हे आपण ध्यानात ठेवू.

जगभरच्या प्रयोगशाळांनी छापलेल्या माळा त्यांनी गोळा केल्या, तपासल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. 1965 साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात 65 प्रथिनं होती. प्रत्येक मण्याला तेव्हा तीन अक्षरांची खूण होती. संगणकात जागा थोडी, म्हणून बाईंनी एका मण्याला एकच अक्षर दिलं. आजही तीच अक्षरं जगभर चालतात. सिकलसेलमध्ये सहाव्या जागी 'ई' जाऊन 'व्ही' येतो, असं शास्त्रज्ञ लिहितात, ते याच लिपीत.

शरीरातली माहिती संगणकावर मांडून तपासण्याच्या या शास्त्राला आता जैवमाहितीशास्त्र म्हणतात. आपल्या पुण्याच्या विद्यापीठातही ते शिकवतात. जीवशास्त्र, गणित, संगणक यांची गोडी असलेल्या लेकीला ही वाट जरूर सांगा. डेहॉफबाई 1983 मध्ये हृदयविकाराने गेल्या, अवघ्या 57 व्या वर्षी. पण आज आजारांची जनुकं शोधणारे लोक रोज अशाच नोंदवह्या संगणकावर उघडतात.

बचत गटात आपल्याला हे पटायला वेळ लागत नाही. वहीत नीट लिहिलं की कुणावर उगाच आळ येत नाही. शरीराच्या वहीचंही तसंच. आई-बाप दोघं वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता आजारी बाळाची, दोन शक्यता वाहक बाळाच्या, एक पूर्ण निरोगी बाळाची. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचा रिपोर्ट निर्दोष असेल, तर मूल वाहक होऊ शकतं, पण त्याला सिकलसेलचा आजार होत नाही.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घेऊ. आशाताईंना बोलावू. सरकारी दवाखान्यात बोटाच्या थेंबावर पहिली चाचणी होते, गरज पडली तर पुढची. लग्न ठरण्याआधी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही तपासणी व्हावी. आणि कुणी सुनेकडे बोट दाखवलं, तर आपण एकत्र सांगू: तो सहावा मणी दोन्ही घरांतून येतो.